मागच्या खोलीतला कार्ब्युरेटर

१

चोर सापडला. घरातलाच निघाला. फारसे आढेवेढे न घेता त्याने कबूल केलं, आणि मग सगळे हात धुऊन जेवायला बसले.

हे तुम्ही वाचलेलं नाही. असं काही झालंच नाही. शुक्रवारची सकाळ आहे, घरात चोर नाही, चोरी नाही, आणि धाकटा हातात चहाचा कप घेऊन मागच्या खोलीचं दार पायाने ढकलतो आहे.

मागच्या खोलीत बाबांची मोटारसायकल होती. फार वर्षांपूर्वी बाबांनी ती ‘जरा उघडून बघतो’ म्हणून उघडली आणि ती उघडीच राहिली. दर सुट्टीला ते एखादा भाग काढायचे, घासायचे, कौतुकाने न्याहाळायचे आणि भलतीकडेच ठेवून द्यायचे. गेल्या थंडीत बाबा गेले, तेव्हा इंजिन घमेल्यात होतं, चाकं पलंगाखाली होती आणि पेट्रोलची टाकी माळ्यावर गाद्यांच्या मध्ये आरामात पडली होती.

धाकटा दुसऱ्या शहरात नोकरीला होता. मिक्सर, इस्त्री, पंखा यांच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका येते आणि जी कोणी वाचत नाही, ती तो लिहायचा. बाबांना दवाखान्यात ठेवलं म्हणून आठवडाभरासाठी घरी आला, बाबा गेले, आणि तो राहिला. रजा संपली, मग बिनपगारी रजा सुरू झाली, तीही संपत आली, आणि हा आपला गंज घासतोय. त्याने सांगाडा खरवडून रंगवला, चाकांच्या तारा एकेक करून ताणल्या, उंदरांनी कुरतडलेली वायर उपटून नवी ओढली, इंजिनावर काळा रंग फवारला, सायलेन्सरला क्रोम चढवून आणलं. मोटारसायकल आता अशी दिसत होती की बाबांनी ती ओळखली नसती.

हे सगळं करताना त्याला काहीही वाटलं नाही. हीच तर अडचण होती. बाबा गेले त्या दिवशी दवाखान्याच्या भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं होतं, त्यावरच्या सूचना त्याला पाठ झाल्या. त्यात ‘खेचा’च्या आधी ‘दाबा’ छापलं होतं, तेवढं मात्र त्याच्या मनाला लागलं. नंतर लोक भेटायला आले आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्याने त्यांना पाणी दिलं. कोणी कोणी दोनदा रडलं. त्याने दोनदा पाणी दिलं.

शेवटी त्याने मनाशी एक ठरवलं, आणि ते कोणाला सांगितलं नाही. मोटारसायकल सुरू होईल, तो जुना आवाज कानावर पडेल, आणि त्याला वाईट वाटेल. शनिवारी संध्याकाळी वाईट वाटायचं नक्की झालं होतं. आत्या त्यासाठी मुद्दाम येऊन राहिली होती. तिला अर्थात वाटत होतं की ती मोटारसायकल बघायला आली आहे.

धाकट्याने दिवा लावला. इंजिनाच्या मागे, काल झोपताना जिथे कार्ब्युरेटर होता, तिथे काही नव्हतं.

कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोलमध्ये हवा कालवून इंजिनाला भरवणारा मुठीएवढा भाग. तो नसला तर उरलेली मोटारसायकल कपडे वाळत घालायला बरी. बाबांचा तो फार लाडका. घटकाभर निवांत वेळ मिळाला की ते तो स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये धुवायला घ्यायचे आणि आईची बोलणी खायचे.

धाकट्याने उभ्या उभ्या चहा संपवला. जीभ भाजल्याचं त्याला मागाहून कळलं. मग तो दारात येऊन म्हणाला, “आई, कार्ब्युरेटर गेला.”

“कुठे?” आईने आतून विचारलं. कढईत कांदा चुरचुरत होता.

२

आत्या म्हणजे बाबांची बहीण. निवृत्त होईपर्यंत तिने बस डेपोत हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर नोकरी केली होती. माणसं स्वतःची छत्री घ्यायला येतात आणि वर्णन दुसऱ्याच छत्रीचं करतात, हे तिने उभ्या हयातीत इतक्या वेळा पाहिलं होतं, की कोण काय सांगतंय याकडे ती लक्षच द्यायची नाही. सांगताना हात काय करतायत, ते बघायची.

थोरल्याने, म्हणजे धाकट्याच्या मोठ्या भावाने, पोलिसात जाऊ या म्हणून सुचवलं. आत्याने विचारलं, तिथे जाऊन सांगणार काय, की बंद घरातून बंद गाडीचा बंद भाग गेला? मग ती मागच्या खोलीत गेली आणि बाबांच्या बुटक्या स्टुलावर बसली. बाबांनंतर त्या स्टुलावर कोणी टेकलं नव्हतं. थोरला एकदम छताकडे बघायला लागला. छतावर काही नव्हतं.

आत्याने आधी जमीन पाहिली. मोटारसायकलीखाली वर्तमानपत्रं पसरलेली होती, कोरडी ठणठणीत. शब्दकोड्यातली रिकामी घरंसुद्धा स्वच्छ दिसत होती. कार्ब्युरेटर धरून ठेवणारे दोन्ही नट काढून पुन्हा जागच्या जागी अडकवलेले होते. मग तिने टाकीखालच्या कॉककडे पाहिलं.

या कॉकबद्दल सांगायला हवं. पेट्रोल सोडायची आणि थांबवायची ही तोटी. तिच्यावर ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ अशी अक्षरं होती आणि दोन्ही खोटं बोलत होती. बाबांनी एकदा आतला वॉशर बदलला आणि अक्षरांची पट्टी उलटी बसवली. तेव्हापासून खटका ‘ऑफ’वर केला की पेट्रोल वाहायचं, ‘ऑन’वर केला की थांबायचं. बाबांनी चूक काही कबूल केली नाही. पट्टी बरोबर आहे, पेट्रोलच उलटं आहे, असं ते ठासून सांगायचे. हळूहळू घरातले सगळे उलट्या पेट्रोलला सरावले. धाकट्याने गाडीतली एकूण एक वस्तू नीट केली होती, ही पट्टी सोडून. का सोडली ते त्याला विचारू नका. त्याने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

“रात्री खटका कुठे होता?” आत्याने विचारलं.

“‘ऑफ’वर. म्हणजे चालू. कुठे गळतंय का ते बघायला पेट्रोल सोडून ठेवलं होतं,” धाकटा म्हणाला.

“आता ‘ऑन’वर आहे,” आत्या म्हणाली.

मग तिने एकेकाला बोलावलं. थोरला चष्म्याच्या दुकानात काम करायचा. त्याला ही खोली व्यायामाच्या सायकलसाठी हवी होती; चालणारी दुचाकी बाहेर काढून न चालणारी आत आणायची, असा त्याचा बेत. रोज कामावरून आला की तो टेप घेऊन खोली मोजायचा. चौकशी चालू असतानाही तो एक भिंत मोजत होता. रात्रभर आपण गाढ झोपलो होतो, असं त्याने सांगितलं. ते खरं असावं, त्याचं घोरणं गल्लीने ऐकलं होतं. मग आत्याने त्याला आठवण करून दिली की घोरणारा माणूस रात्रभर सलग घोरतो असं नाही, मध्ये पाणी प्यायला उठतो. थोरल्याने टेप गुंडाळली, पुन्हा सोडली आणि तीच भिंत पुन्हा मोजली.

आईची चौकशी स्वयंपाकघरात झाली, कारण कढई सोडून यायला ती तयार नव्हती. ती उलथणं हातातून सोडत नव्हती आणि आत्याकडे बघत नव्हती. कार्ब्युरेटर कुठे दिसला का, असं आत्याने विचारल्यावर आईने विचारलं, “कसा असतो तो?”

आत्याने मान हलवली. पदराने नाक पुसलं. कांद्याने डोळे चुरचुरत होते.

तेवढ्यात पुढचं दार कोणीतरी जोरात वाजवलं. दारात शेजारचे अंपायर उभे होते. ताठ, पांढऱ्या शर्टात.

“कार्ब्युरेटर मी नेला,” ते म्हणाले.

३

अंपायरकाकांनी तरुणपणापासून मैदानावर उन्हात उभं राहून लोकांना बाद दिलं होतं. ते वय सरल्यावर त्यांनी घरात बसून बाबांना बाद द्यायला सुरुवात केली. मोटारसायकल चालू होती तेव्हा आवाज होतो म्हणून तक्रार, उघडून ठेवली तेव्हा ठोकाठोक होते म्हणून तक्रार. एकदा तर फार शांतता आहे, काय चाललंय, म्हणून विचारायला आले होते.

आत्याने त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

“कुठे ठेवलात?” तिने विचारलं.

“ते मी का सांगू?”

“बरं. काढलात कसा?”

“कसा म्हणजे? पाना लावला, नट फिरवले, काढला.”

“आणि पेट्रोल?”

“आधी कॉक बंद केला ना. खटका ‘ऑफ’वर केला. मी काय बावळट आहे?”

थोरल्याने खोकल्यासारखं केलं.

आत्याने त्यांना सावकाश समजावून सांगितलं. रात्री खटका ‘ऑफ’वरच होता, आणि या गाडीत ‘ऑफ’ म्हणजे पेट्रोल वाहतं. बाहेरच्या माणसाने आत येऊन ‘ऑफ’ वाचलं असतं, निश्चिंत मनाने नळी ओढली असती, आणि अख्खी टाकी त्याच्या चपलांवर रिकामी झाली असती. कागद तर कोरडे आहेत. म्हणजे नेणाऱ्याने आधी खटका ‘ऑन’वर केला आणि मगच नळीला हात लावला.

“पेट्रोल बंद करायला ‘ऑन’ करणारी माणसं जगात फार नाहीत,” ती म्हणाली.

अंपायरकाकांनी थोडा वेळ विचार केला. मग उजव्या हाताचं बोट हळूहळू वर केलं आणि स्वतःला बाद दिलं.

मग कबूल कशाला केलं, असं धाकट्याने विचारलं. त्याला राग आला नव्हता. त्याला फक्त माहिती हवी होती.

“इतकी वर्षं भांडलो मी त्याच्याशी,” अंपायरकाका म्हणाले, “आता त्याच्या घरात चोरी होते, आणि माझ्यावर साधा संशय नाही? कोणी विचारायलासुद्धा आलं नाही.” त्यांचा आवाज शेवटी जरा घसरला. त्यांनी तो लगेच उचलून घेतला.

आत्याने त्यांना सांगितलं, थोडा संशय अजून आहे. त्यांना बरं वाटलं. ते बसले.

“पण मग बाहेरचा कोणी नाही,” आत्या उठता उठता म्हणाली.

थोरल्याच्या हातातली टेप सट्कन आत गेली. स्वयंपाकघरात आईने गॅस मोठा केला.

४

रात्री सगळे जेवायला बसले. अंपायरकाकाही होते; संशयित म्हणून थांबणं आपलं कर्तव्य आहे असं त्यांनी जाहीर केलं होतं. धाकटा जेवत होता. ताटात काय आहे हे विचारलं असतं तर त्याला ताटात बघून सांगावं लागलं असतं.

आत्याने मात्र ताट नीट पाहिलं. भाजीत चमचा फिरवला. आमटी ढवळली.

“वहिनी, कांदा कुठे आहे?”

आई वाढता वाढता थांबली. “कुठला कांदा?”

“सकाळपासून परतताय तो. नाश्त्याला परतलात, दुपारी परतलात, आत्ताही परतत होतात. घरात कांद्याशिवाय दुसरा वास नाही आणि ताटात कांद्याचा तुकडा नाही.”

थोरला म्हणाला की त्याला कांदा आवडत नाही, त्याची काही हरकत नाही. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

आत्या पुढे बोलत राहिली, अगदी सावकाश, जणू समोर छत्रीवाला उभा आहे. कार्ब्युरेटर गाडीवरून काढला तरी त्याच्या पोटात थोडं पेट्रोल राहतंच, आणि ते गप्प बसत नाही, वास मारतं. तो झाकायला त्याहून दांडगा वास लागतो. आणि ज्या वस्तूपायी वहिनी बेसिनपाशी उभं राहून नवऱ्याशी भांडत आल्या, ती कशी असते हे त्या आज सकाळी विचारत होत्या.

आई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कुकर होता. तिने झाकण काढलं, आतून फडक्यात गुंडाळलेला कार्ब्युरेटर काढला आणि आमटीच्या भांड्याशेजारी ठेवला. तो लखलखत होता. तिने तो घासला होता.

अंपायरकाकांनी बोट उचललं, आईकडे पाहिलं आणि परत खाली ठेवलं.

“का ग?” थोरल्याने विचारलं.

आई धाकट्याकडे बघून म्हणाली, “गाडी झाली की तू जाशील.”

“हो,” धाकटा म्हणाला. खोटं बोलायला काहीतरी वाटावं लागतं.

“मग जा. मी कुठे अडवतेय? एवढंच अडवलं.” तिने पातेलं उचललं. “वन्सं, भात वाढू?”

आत्याने हो म्हटलं. सगळे जेवले. आईने त्या रात्री बेसिनमध्ये आधी कार्ब्युरेटर धुतला आणि मग ताटं.

प्रकरण मिटलं. निदान शनिवार संध्याकाळपर्यंत सगळ्यांची तशी समजूत होती.

५

शनिवारी संध्याकाळी मागच्या खोलीत पाच माणसं आणि एक मोटारसायकल दाटीवाटीने उभी राहिली. धाकट्याने कार्ब्युरेटर बसवला होता. त्याने खटका ‘ऑफ’वर केला, पेट्रोल नळीतून खाली आलं. त्याने हात पुसले, पाय उचलला आणि किक मारली.

काही झालं नाही.

त्याने पुन्हा मारली. पुन्हा. अंपायरकाका प्रत्येक किकला मान हलवत होते. धाकट्याचा शर्ट पाठीला चिकटला. शेवटी त्याने इंजिनातला प्लग काढला, वायरीच्या टोपीला लावून इंजिनाच्या धातूवर टेकवला आणि हाताने किक दाबली. प्लगच्या टोकाला ठिणगी पडायला हवी होती. पडली नाही. त्याने प्लग दिव्यापाशी नेऊन पाहिला.

“हा माझा नाही,” तो म्हणाला. “मी नवीन बसवला होता. हा बाबांचा जुना आहे. मेलेला.”

आत्याने हात पुढे केला. प्लगचं टोक झिजलेलं होतं, पांढऱ्या चिनीमातीला तडा होता, आणि तरी तो आरशासारखा चमकत होता. तिने तो नाकाशी धरला. मग आईकडे पाहिलं. आईने दोन्ही हात वर केले. मी कुकरपुरतीच, असं तिने सांगितलं.

“इंजिनात बसला की वर टोपी येते,” आत्या म्हणाली. “कोणी बघणार नसतं. आणि तरी हा पुसलाय. गोल गोल, कडेपासून मधे. मेलेली वस्तू, ती लपवायची, आणि लपवायच्या आधी पुसून द्यायची. न पुसता काही द्यायचं ज्याच्या हाताला जमतच नाही, असा माणूस कोण आहे या घरात?” तिने प्लग धाकट्याच्या नाकाशी धरला. काचा पुसायच्या निळ्या पाण्याचा वास आला.

थोरल्याने खिशातून चष्म्याचं घर काढलं, टक् करून उघडलं आणि पुढे केलं. आत मऊ पिवळ्या कापडात नवा प्लग निजलेला होता.

“मला आईचं माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “नाहीतर मी कशाला तसदी घेतली असती?”

आईचंही तेच म्हणणं पडलं. दोघांनी एकमेकांकडे जरा तक्रारीच्या नजरेने पाहिलं, एकाच कामाला दोन माणसं लावल्यावर बघतात तसं.

“पण तुला तर खोली हवी होती,” धाकटा म्हणाला.

“हवीय ना. मोजायला हवीय.” थोरला चष्म्याचं घर उघडबंद करत राहिला. मग त्याने सांगितलं की व्यायामाच्या सायकलची चौकशी त्याने कधी केलीच नव्हती. टेप धरून आत आलं की कोणी काय करतोस म्हणून विचारत नाही. मोजून झालं की थोडा वेळ बसता येतं, जमिनीवर, त्या स्टुलाच्या समोर. “खोली रिकामी करायची म्हणजे ते स्टूल उचलायचं. उचलून कुठे ठेवू? तूच सांग. मी तेवढा विचार केला, पुढे जमेना.”

अंपायरकाकांनी हळूच म्हटलं की त्यांच्या घरात जागा आहे, पण ते कोणी ऐकलं नाही.

धाकट्याने नवा प्लग लावून पाहिला. निळी ठिणगी टिचकी वाजवावी तशी उडाली. पेट्रोल होतं, हवा होती, ठिणगी होती. इंजिनाला याहून काही लागत नाही. त्याने प्लग आवळला, टोपी बसवली, सगळं वजन टाकून किक मारली.

मोटारसायकल हूं की चूं करेना.

आता सगळ्यांनी सगळ्यांकडे पाहिलं.

६

आत्याने प्रत्येकाला विचारलं. आईने नाही म्हटलं. थोरल्याने नाही म्हटलं. अंपायरकाकांनीसुद्धा कबूल केलं नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

धाकटा किक मारत राहिला. आता त्यात काही अर्थ नव्हता, पण थांबण्यातही नव्हता. अंपायरकाका गाडीच्या मागे जाऊन वाकले, सायलेन्सरच्या तोंडाशी तळवा धरून उभे राहिले, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“वारा येत नाहीये,” ते म्हणाले. “एवढ्या किका मारतोय, मागून फुंकरसुद्धा नाही.”

आत्याने आपला हात धरून पाहिला. मग ती स्टुलावर जाऊन बसली. धाकट्याकडे तिने पाहिलं नाही. हातातल्या फडक्याची घडी घालत राहिली.

“जे आत जायचं ते सगळं आता जातंय,” ती म्हणाली. “बाहेर काही येत नाही. सायलेन्सर कोणी बसवला?”

“मी.”

“दुसऱ्या कोणी हात लावला?”

“मी लावू दिला नाही.”

“मग उघड.”

धाकटा गुडघ्यांवर बसला. इंजिनाला सायलेन्सरचा पाइप जिथे येऊन मिळतो तिथले नट त्याने सोडवले आणि पाइप बाजूला केला. इंजिनाच्या तोंडात चिंध्यांचा बोळा होता. घट्ट, बोटाने दाबून दाबून बसवलेला, अगदी खोलवर. त्याने तो उपटून काढला. काळ्या रंगाचा फवारा त्याच्या एका बाजूवर वाळलेला होता.

“रंग मारताना आत उडू नये म्हणून कोंबला होता,” तो म्हणाला. “काढायचा राहिला. विसरलो.”

आत्याने आपल्या डेपोतल्या खिडकीबद्दल सांगितलं. तिथे येणाऱ्या वस्तू खरोखर विसरलेल्या असायच्या. सीटवर राहिलेली छत्री, दांडीला लटकलेली पिशवी. जी ठेवून माणूस उठून गेला, ती विसरलेली.

“तू बोळा कोंबलास. रंग वाळला. तू क्रोम चढवून सायलेन्सर आणलास, पाइप तोंडाला लावताना बोळा तुझ्या नाकासमोर होता. त्यावर पाइप चढवलास, नट आवळलेस, वरून क्रोम पुसलंस. धाकट्या, विसरायला एवढी मेहनत लागत नाही रे.”

त्याने बोळ्याकडे पाहिलं. जुन्या बनियनची चिंधी होती. बाबांची की त्याची स्वतःची, कळायला मार्ग नव्हता. त्याला आठवलं की त्या दिवशी पाइप हातात घेऊन तो बोळ्यासमोर बसला होता. तो काढायला हवा हे त्याला माहीत होतं. त्याने पाइप चढवला, पाना उचलला, आणि आपण काय करतोय ते स्वतःला सांगितलं नाही.

“सुरू झाली,” तो म्हणाला, “आणि तरी काही वाटलं नाही, तर?”

मग त्याने सांगितलं. शनिवार संध्याकाळचं सगळं, माहितीपुस्तिका वाचून दाखवावी त्या आवाजात. बाबा गेल्यापासून त्याला काहीच वाटलेलं नाही. गाडी सुरू होईपर्यंत वाटण्याची आशा तरी आहे. सुरू झाली, आवाज आला, आणि आत नुसतीच शांतता असली, तर मग तो कसला मुलगा? ते कळण्यापेक्षा गाडी बंद बरी. आई आणि दादा यांनी कार्ब्युरेटर आणि प्लग नेले नसते, तरी आज ती सुरू झालीच नसती. त्यांची मेहनत फुकट गेली, त्याबद्दल त्याने माफीही मागितली.

अंपायरकाका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. थोरला खाली बसला, स्टुलासमोर, नेहमीच्या जागी.

आईने धाकट्याच्या हातातला बोळा काढून घेतला.

“नाही वाटलं तर नाही वाटलं,” ती म्हणाली. “तुझे बाबा काय बघायला येणारेत? जेव्हा वाटेल तेव्हा फोन कर. कधीही कर. मी जागीच असते.”

धाकट्याने पाइप बसवला. नट आवळायला थोरल्याने मदत केली आणि आवळून झाल्यावर ते पुसले. खटका ‘ऑफ’वर होता. धाकट्याने किक मारली.

इंजिन शिंकलं, थांबलं, पुन्हा शिंकलं आणि धडधडायला लागलं. भिंतीवरचे पाने टांगल्या जागी वाजू लागले. बोळ्यामागे साठलेलं पेट्रोल जळून एवढा निळा धूर निघाला की पाच माणसांना एकमेकांची तोंडं दिसेनात. सगळे खोकले. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते धुराचंच होतं. असं आत्याने नंतर जाहीर केलं, आणि तिचा अनुभव मोठा होता. धुरातून अंपायरकाकांचा आवाज आला, आवाज फार होतोय, बंद करा, ताबडतोब बंद करा. पण कोणी बंद करू लागलं असतं तर त्यांनी त्याला करू दिलं नसतं.

धाकटा हँडल धरून बसला होता. तळवे बधिर झाले होते. तो वाट बघत होता. आवाज तोच होता, अगदी तोच. आत काही हललं नाही. मग बऱ्याच वेळाने, पोटाच्या वर कुठेतरी, त्याला काहीतरी जाणवलं. त्याने नीट लक्ष दिलं. त्याला भूक लागली होती.

कितीतरी दिवसांत लागली नव्हती. त्याने ते आईला ओरडून सांगितलं, इंजिनावरून आवाज जायला हवा म्हणून. आई कांदा चिरायला गेली. या खेपेला तो ताटात आला, आणि तीन चोर, एक खोटा चोर आणि आत्या हात धुऊन जेवायला बसले.

बुधवारी धाकट्याला नोकरीवर परत जायचं होतं. त्याआधी मोटारसायकल त्याच्या नावावर करून घ्यायला हवी, असं थोरल्याने सांगितलं. धाकटा वाहन कार्यालयात गेला, रांगेत उभा राहिला, कोरा कागद मागून घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहून खिडकीतून आत सरकवला:

प्रति, माननीय वाहन अधिकारी यांस.

विषय: वाहन चालवण्याच्या परवान्याची मुदत वाढवून मिळणेबाबत.

महोदय, सदर मोटारसायकल अर्जदाराच्या वडिलांच्या नावे असून ती त्यांच्याच नावे राहू द्यावी. त्यांच्या परवान्याची मुदत मध्यंतरी संपली आहे. परवानाधारक गेल्या थंडीपासून हयात नसल्याने कार्यालयात समक्ष हजर राहू शकत नाहीत. सबब त्यांना छायाचित्र, स्वाक्षरी व दृष्टितपासणी यांतून सूट देऊन परवान्याची मुदत पुढे वाढवण्यात यावी. वाहन तेच चालवतील. अर्जदार पूर्वीप्रमाणे मागे बसेल. निर्णय होईपर्यंत अर्जदार वाहनाशेजारी थांबण्यास तयार आहे. तरी या अर्जाचा सहानुभूतीने विचार व्हावा, ही नम्र विनंती.